पिवळ्या गाडीचे नवे काटे

माझ्या सासऱ्यांनी साठी उलटल्यावर स्पोर्ट्स कार घेतली. दोन दारांची, पिवळीधमक, आणि इतकी बुटकी की आमच्या घोटावड्यातल्या प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट घासायचं. मारुंजीला भाड्यानं राहणारा आयटीतला एक मुलगा परदेशी निघाला होता, त्याच्याकडून आबांनी ती परस्पर उचलली. घरात कुणाला विचारलं नाही. एका रविवारी सकाळी गाडी अंगणात येऊन उभी राहिली आणि आबा आत तसेच बसून राहिले, कारण एवढ्या खालच्या सीटवरून उठायचं कसं हेच त्यांना कळेना. शेवटी अनिकेतनं, माझ्या नवऱ्यानं, बखोटीला धरून त्यांना बाहेर काढलं. सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

भावकीत चेष्टेला ऊत आला. हैबतरावांनी दुसरं लग्न केलं, हळदीच्या अंगानं नवरी घरात आणली, असं लोक त्यांच्यासमोरच बोलायचे. समोर बोलायची कुणाला भीती नव्हती, कारण आबांना ऐकू यायचं नाही.

कान गेले ते खडीच्या क्रशरवर. आमच्या घरात आज जे काही उभं आहे, बंगला, कारखान्यांना भाड्यानं दिलेल्या शेड, अंगणातले पेव्हर ब्लॉक, ते सगळं त्या खडीतून आलंय. आबांनी उमेदीची सगळी वर्षं दगड भरडणाऱ्या त्या धुडाशेजारी उभं राहून काढली. कानात कापूस घालणंसुद्धा त्यांना बायकी वाटायचं. आणि गंमत अशी की पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते कानासाठीच. डंपर चढावर असतानाच ते सांगायचे, याचं मागचं बेअरिंग गेलंय. विहिरीवरची मोटर सुरू झाली की ओट्यावर बसून म्हणायचे, पाणी तळाला गेलं, बंद करा. लोक गाड्या घेऊन यायचे आणि आबा नुसते बोनेटवर हात ठेवून, डोळे मिटून ऐकायचे. असा माणूस बहिरा झाला, तर ते कबूल कसं करणार?

त्यांनी कबूल केलंच नाही. "हल्लीची मान्सं तोंडातल्या तोंडात बोलत्यात," एवढंच म्हणायचे. अनिकेतनं त्यांना पुण्याला नेलं, तपासण्या केल्या, कानाचं मशीन करून आणलं. आबांनी ते एकदाच लावलं, पिरंगुटच्या एका लग्नात. तिथं कुणीतरी म्हटलं, "काय हैबतराव, म्हातारं झाला की वो!" मशीनमुळे ते त्यांना स्पष्ट ऐकू आलं. घरी येऊन त्यांनी मशीन डबीत घातलं आणि डबी कपाटात टाकली. त्यानंतर तो विषय काढला की ते उठून शेताकडं जायचे.

मग गाडी कशी चालवायचे? तर आईंच्या जिवावर. आई म्हणजे माझ्या सासूबाई, इंदूबाई. त्या शेजारच्या सीटवर बसायच्या. नऊवारी आवरून आधी बूड टाकायचं आणि मग एकेक पाय आत घ्यायचा, अशी त्यांनी युक्ती काढली होती. एकदा बसल्या की त्यांचा उजवा हात आबांच्या गुडघ्यावर. मागून हॉर्न वाजला की एक थाप. इंजिन जास्त घोंगावायला लागलं की दोन, म्हणजे गिअर बदला. निघतानाही तसंच. आईंची थाप पडल्याशिवाय आबा क्लच सोडायचे नाहीत. ही पद्धत त्यांना कुणी शिकवली नव्हती, आपसूक जमून गेली होती. दोघं भल्या सकाळी लवासाच्या रस्त्याला लागायचे, तिथल्या ओस पडलेल्या इमारतींसमोर पाण्याकाठी बसायचे, घरून नेलेली भाकरी खायचे आणि उन्हं तापायच्या आत परत यायचे. परत आल्यावर आईंच्या चेहऱ्यावर जे काही असायचं ते बघून मी गाडीबद्दल तक्रार करायची सोडून दिली होती.

अनिकेतनं सोडली नव्हती. तो जे म्हणत होता ते खरंही होतं. एकदा पौडवरून येताना आईंचा डोळा लागला. मागून टेंपो हॉर्न वाजवत येत होता, आबांनी बिनधास्त गाडी त्याच्या पुढ्यात वळवली. आरसा गेला, जीव वाचला. टेंपोवाला घरापर्यंत आला आणि अंगणात उभा राहून त्यानं आबांची आईबहीण काढली. आबा त्याच्याकडे शांतपणे बघत होते. त्याला चहा द्या, असंही म्हणाले.

त्याच आठवड्यात गाडीचं इंजिन ठोकायला लागलं. आईंना वाटलं, या गाडीचा आवाजच तसला. आबांना तर काही वाटायचा प्रश्नच नव्हता. मारुंजीच्या जयसिंगनं, ज्याच्या गॅरेजला गाडी जायची, माझ्यादेखत बोनेट उघडून कपाळावर हात मारला. तेल पार तळाला गेलं होतं. "आबा, एवढा खडखडाट होत होता, कळलं न्हाई?" त्यानं सहज विचारलं. त्यानं वाईट हेतूनं विचारलं नव्हतं, पण आबांनी ते त्याच्या ओठांवरून वाचलं आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना.

त्या संध्याकाळी अनिकेतनं ताटावरच विषय काढला. आबांना दिसेल असं समोर बसून, तोंड मोठं उघडून तो म्हणाला, "एक तर मशीन लावा, नाहीतर चावी द्या. उद्या कुणाला तरी माराल."

"कुनाला मारलंय आजवर?" आबा म्हणाले.

"मारायची वाट बघू का?"

आई मध्ये पडल्या. "मी असते की शेजारी. माझं कान हायेत की धड."

"तू झोपतेस, आई."

 आबांनी ताट सरकवलं आणि उठले. पण चावी त्यांनी दिली नाही. दुसऱ्या दिवशी ते एकदम खुशीत दिसले. त्यांना उत्तर सापडलं होतं. जयसिंगच्या गॅरेजमध्ये दुसरी एक गाडी आली होती, तिच्या डॅशबोर्डवर जादाचे गोल मीटर बसवले होते. तेल कमी झालं तर काटा खाली येतो. इंजिन तापलं तर काटा वर जातो. ऐकायची गरजच नाही, नुसतं बघायचं.

मला हसावं का रडावं कळेना. कानाला एक यंत्र लावायचं नाही म्हणून हा माणूस गाडीला चार यंत्रं लावायला निघाला होता.

अनिकेतनं त्यात पडायला साफ नकार दिला, म्हणून शनिवारी मीच आबांबरोबर मारुंजीला गेले. माझं ऑफिस हिंजवडीला, त्यामुळे तो रस्ता माझ्या पायाखालचा. जयसिंगनं मला प्लॅस्टिकची खुर्ची दिली आणि दिवसभर मी ते काम बघितलं. त्यानं डॅशबोर्ड उचकटला तेव्हा आत नुसता वायरींचा गुंता होता. इंजिनात तेलाच्या वाटेवर त्यानं पितळेचा एक जोड बसवला, त्यात सेन्सर घातला, पाण्याच्या पाइपात दुसरा घातला, आणि वायरी रबराच्या भोकातून आत ओढून घेतल्या. एक मीटर तेलाच्या दाबाचा, एक तेलाच्या तापमानाचा, एक पाण्याचा, एक बॅटरीचा. आबा त्याच्या खांद्यावरून वाकून वाकून बघत होते. कित्येक दिवसांनी त्यांना कुणी काम करताना बघायला मिळत होतं आणि त्यातलं सगळं कळतही होतं.

मीटर बसवायचे कुठे यावर दोघांचं जुंपलं. जयसिंग म्हणत होता, उजव्या हाताच्या खांबावर बसवू, तिथं आडवं येत नाही. आबांना ते डॅशबोर्डच्या वर, मधोमध, ओळीनं हवे होते. बसल्या बसल्या समोर दिसले पाहिजेत.

"आबा, डाव्या बाजूचं पुढचं झाकलं जाईल," जयसिंग म्हणाला. "आधीच गाडी खाली हाय."

"झाकू दे की. बोनेट काय बघायचं रोज रोज?"

गिऱ्हाइकापुढं तो किती बोलणार? त्यानं बसवले. तिथं आईंनी चिकटवलेला भैरवनाथ होता, तो काढून डावीकडे, आईंच्या बाजूला सरकवला. मग त्यानं आबांना आत बसवलं आणि चावी फिरवायला सांगितली. चारही काटे एकदम शेवटापर्यंत गेले, परत शून्यावर आले, आणि इंजिन सुरू झालं तसे एकेक करून आपापल्या जागी जाऊन थांबले. आबांनी स्टिअरिंगवर हात आपटला. मी त्यांना इतकं खूश कधी बघितलं नव्हतं.

"वृषाली," ते म्हणाले, "गाडी बोलतिया बघ माझ्याशी."

खरं सांगते, त्या क्षणी मलाही बरं वाटलं. अख्खं जग ज्या माणसाशी तोंडातल्या तोंडात बोलत होतं, त्याच्याशी एक वस्तू स्पष्ट बोलत होती.

येताना मी आईंच्या जागेवर बसले होते. आबांची नजर सारखी काट्यांवर. रस्ता, काटे, रस्ता, काटे. वाटेत माण गावाच्या पुढं एक ट्रक मागं लागला आणि हॉर्नवर हॉर्न द्यायला लागला. मी आईंसारखीच त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"काटं हायेत आता."

"काटे इंजिनचं सांगतात आबा," मी ओरडले, "मागच्या ट्रकचं नाही!"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, अर्धं वाचलं असावं. बोटानं एकेक मीटर दाखवत म्हणाले, "समदं बरोबर हाय. बघ." ट्रक आमच्या बाजूनं शिव्या देत निघून गेला. आबांनी त्यालाही हात केला.

घरी आल्यावर त्यांनी आईंना गाडीत बसवून काट्यांची ती कसरत तीनतीनदा दाखवली. आईंनी कौतुक केलं. मग आबा म्हणाले, "आता तुला ताप न्हाई. निवांत घरी बसायचं. उद्या लवासाला मी एकलाच जाऊन येतो."

"म्हंजे माझी बदली झाली म्हना की," आई म्हणाल्या आणि हसल्या. आबाही हसले, कारण त्या हसताना त्यांना दिसल्या.

नंतर आई ओट्याशी कांदा चिरत होत्या. मी म्हटलं, "आई, त्यांना एकट्याला जाऊ देऊ नका. तुम्ही बसा जाऊन, ते काय ढकलून देणार आहेत का?"

"त्यास्नी नको झालंय तर कशाला?" त्या म्हणाल्या. दुसरा कांदा घेत म्हणाल्या, "मी काय गाडीसाठी बसत व्हते व्हय गं? क्रशर व्हता तवा ह्यो मानूस मला दिसायचाच न्हाई. दिसला तर निस्ता धुरळा. आता कुटं शेजारी बसाय मिळालं व्हतं." आणि कांद्याचं निमित्त करून त्यांनी डोळे पुसले.

मला आबांचा भयंकर राग आला. अजूनही येतो. एखाद्याला ऐकू येत नाही हे मी समजू शकते. पण शेजारी बसलेल्या बायकोच्या तोंडावरचं वाचता येऊ नये? ज्याला जयसिंगचे ओठ वाचता येतात, त्याला?

रविवारी सकाळी आबा आंघोळ करून, पांढरे कपडे घालून तयार. पण आईंनी अडवलं. गाडीत नवीन काही बसवलं की पूजा झाली पाहिजे, चाकाखाली लिंबू फुटलं पाहिजे, त्याशिवाय गाडी हलवायची नाही. "मला नगा नेऊ, पर लिंबू ठेवल्याबिगर जायचं न्हाई," असं त्यांनी आबांच्या समोर उभं राहून, बोट नाचवून सांगितलं. आबांनी मान डोलावली. तेवढं त्यांना मान्य होतं.

अनिकेत फुगलेलाच होता. तरी आईंनी त्याच्या हातात नारळ दिला, तेव्हा तो आला. मी आरतीचं ताट घेऊन आबांच्या बाजूला उभी राहिले. गाडीचं तोंड फाटकाकडं होतं. आमच्या अंगणाला फाटकाच्या दिशेनं थोडा उतार आहे. आबा आत बसले, दार ओढलं, काचा वर केल्या आणि इंजिन सुरू केलं. आईंनी बोनेटवर स्वस्तिक काढलं, फूल वाहिलं, प्रत्येक मीटरलाही काचेबाहेरून हळदकुंकू दाखवलं. मग खाली बसून चारही चाकांपुढं एकेक लिंबू ठेवलं आणि कंबरेवर हात देऊन उठल्या. अनिकेतनं बाजूच्या दगडावर नारळ फोडला, पाणी चाकांवर शिंपडलं आणि मागं सरकला. नारळ फुटला की गाडी निघते. एवढं आबांना माहीत होतं, आणि नारळ फुटलेला त्यांनी बघितला होता.

पण उतारामुळे डाव्या पुढच्या चाकाचं लिंबू घरंगळलं. आईंना ते दिसलं. "थांबा, एक ऱ्हायलं," असं म्हणत त्या परत वाकल्या आणि लिंबू चाकाखाली सारायला गुडघ्यावर बसल्या. त्या घाबरल्या नाहीत. घाबरायचं कारणच नव्हतं. आजवर ही गाडी त्यांच्यादेखत त्यांच्या हाताची थाप गुडघ्यावर पडल्याशिवाय एकदाही हलली नव्हती. त्यांच्या डोक्यात आबा अजून त्यांचीच वाट बघत होते.

आबा काट्यांची वाट बघत होते. मी त्यांच्या खिडकीशी उभी होते, मला त्यांचा चेहरा स्पष्ट दिसत होता. तेलाचा काटा वर चढत होता, जागेवर येऊन थांबला. पाण्याचा थांबला. आबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्या चार मीटरांच्या पलीकडं, बोनेटच्या खाली, आई होत्या. आबांनी क्लच सोडला.

आई ओरडल्या. अनिकेत ओरडला. मी हातातलं ताट काचेवर आपटलं. आबांनी दणका ऐकला नाही, पण त्यांना तो जाणवला असावा, कारण त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. काचेला कुंकू फासलं गेलं होतं, त्याच्या आडून ते माझ्याकडं बघून हसले. मी ओवाळतेय असं त्यांना वाटलं. त्याच वेळी डावं चाक कशावर तरी चढलं. मला वाटतं, आधी त्यांना ते लिंबू वाटलं असणार.

मग त्यांनी ब्रेक दाबला. उशिरा दाबला.

पुढचं मी फार सांगणार नाही. गाडी खाली होती, फारच खाली होती, एवढंच सांगते. शेजारचे लोक धावून आले, सगळ्यांनी मिळून ती उचलली. आई आमच्याच दुसऱ्या गाडीत, माझ्या मांडीवर डोकं ठेवून, पिरंगुट यायच्या आधी गेल्या. अनिकेत गाडी चालवत होता. मी त्याला सांगितलं नाही, हॉस्पिटलच्या दारापर्यंत तो हॉर्न वाजवत राहिला.

पोलीस आले, पंचनामा झाला. घरातलीच बाई, घरातलाच माणूस, पूजा चालू असताना झालेला अपघात, त्यात कुणाला काय विचारायचं होतं? साहेबांनी आबांना दोन प्रश्न विचारले. आबांनी दोन्हींना "व्हय" म्हटलं. एकाचं उत्तर "नाही" असायला हवं होतं. साहेबांना वाटलं, धक्का बसलाय म्हाताऱ्याला. ते अनिकेतकडं वळले.

अंत्यविधी झाल्यावर अनिकेत अंगणात गेला आणि त्यानं ते मीटर हातानं उपटून काढले. हात रक्तानं भरला, वायरी लोंबकळत राहिल्या. मग कपाटातलं ते मशीन आणून त्यानं आबांच्या मांडीवर टाकलं. "घाला आता," तो म्हणाला, "आता घाला कानात." मग तो तिथंच भिंतीला टेकून खाली बसला. आबांनी मशीन कानात घातलं. नंतर माझ्याकडं बघून मान हलवली. पडून पडून सेल कधीच संपला होता. दुकानातून नवीन आणता आला असता, पण कुणी गेलं नाही, मीसुद्धा नाही.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आबा ओसरीवर भिंतीला टेकून बसायचे. लोक म्हणायचे, माणूस दगड झालाय, हूं की चूं करत नाही. बायका माजघरात माझ्याभोवती बसायच्या आणि शेजारच्या हेमलताकाकू त्यांना हळूच काहीतरी सांगायच्या. त्या दिवशी त्या गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या, त्यांनी आईंचं ओरडणं ऐकलं होतं. ऐकून बायका तोंडाला पदर लावायच्या आणि नव्यानं रडायच्या. आबा ओसरीवरून त्यांच्याकडं बघायचे. सगळ्यांना काहीतरी माहीत आहे आणि ते आपल्याला माहीत नाही, हे बहिऱ्या माणसाला फार लवकर कळतं.

दहावा झाला, पाहुणे पांगले. दुपारची वेळ होती. अनिकेत शेडकडं गेला होता. मी माजघरात तांदूळ निवडत बसले होते. आबा आत आले आणि माझ्यासमोर, माझं तोंड नीट दिसेल असे, जमिनीवर बसले. आईंच्या माघारी ते पहिल्यांदाच आपणहून माझ्याशी बोलले.

"वृषाली, तू तितं व्हतीस."

मी मान हलवली.

"तिनं हाक मारली का मला?"

"हो."

"काय म्हनली?"

मी खोटं बोलू शकले असते. "अवं थांबा" म्हणाल्या, असं सांगितलं असतं तर त्यांनी ते धरून ठेवलं असतं. उभ्या जन्मात आईंनी त्यांना "अवं" सोडून दुसरी हाक मारली नव्हती. लग्नातल्या उखाण्यात घेतलं असेल तेवढंच नाव, त्यानंतर कधी नाही. रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं तरी त्या मला पुढं करायच्या. खोटं बोलावं असं माझ्या मनात आलं, आणि खरं सांगून त्यांना दुखवावं असंही आलं. दोन्ही आलं. पण ते समोर बसून माझ्या ओठांकडं असे बघत होते की मला दोन्हींतलं काही जमलं नाही.

"तुमचं नाव घेतलं त्यांनी," मी म्हटलं.

त्यांना नीट कळलं नाही, किंवा कळलं आणि खरं वाटलं नाही. "माझं?"

"हो."

"कसं? तिनं म्हनलं तसंच म्हन."

सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं, तेही तोंडावर, तेही एकेरी. माझी जीभ रेटेना. पण आई तरी ते कुठं सहज म्हणाल्या होत्या?

"हैबत," मी म्हटलं.

आबांनी माझ्या ओठांकडं बघितलं. त्यांचे ओठ माझ्यापाठोपाठ तसेच हलले, आवाज न करता. मग ते म्हणाले, "पुन्ना."

मी पुन्हा म्हटलं. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते ओठांवर आलं, तर त्यांनी हातानं खूण केली, पूस, दिसत नाही. मी पदरानं तोंड पुसलं आणि परत म्हटलं.

"मोठ्यानं म्हनली व्हती का?" त्यांनी विचारलं.

"हो, आबा," मी म्हटलं. "सगळ्या गावानं ऐकलं."